बारापर्यंत फळं, वरण-भाताची फारकत: गणपती ते आंबे, एवढ्या वापरानंतर

परवा बँकेचा मेसेज आला. फळाहार आणि फूड कॉम्बिनेशनच्या ऑनलाइन वर्गाची पुढच्या सहामाहीची फी खात्यातून परस्पर कापली गेली होती. वर्ग मी थंडीतच सोडला, ग्रुपमधूनही तेव्हाच बाहेर पडलो. फोन केला तर पलीकडच्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सर, ऑटो-पे तुम्ही बंद करायचं असतं." वर्गाचं नाव लिहीत नाही, कारण असे वर्ग पन्नास आहेत आणि सगळ्यांचं पीपीटी एकच आहे. पण कधीपासून लिहायचं राहिलं होतं, ते आता रागाच्या निमित्ताने का होईना, लिहून टाकतो.

नियम बहुतेकांना पाठ असतील. दुपारी बारापर्यंत फक्त फळं, वजनाच्या दहापट ग्रॅम. जेवणात धान्य आणि डाळ एका वेळी नाही. जेवणावर फळ नाही. दूध आणि फळ तर एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाहीत. म्हणजे वरण-भात, खिचडी, पुरणपोळी, डोसा, आमरस-पुरी आणि शिकरण, सगळे एकाच आरोपपत्रात.

माझं वजन सुरुवातीला ७२, म्हणजे सकाळी ७२० ग्रॅम फळं. आता मला सांगा, साल धरून की सोलून? पहिल्याच दिवशी ग्रुपवर हा साधा प्रश्न टाकला. उत्तरादाखल हात जोडलेले आले, फूल आलं, एकांनी लाल बदाम पाठवला. उत्तर शेवटपर्यंत नाही. आणि प्रश्न क्षुल्लक नाहीये हो! सीताफळांचा हंगाम होता. सासवडकडची चांगली मोठी सीताफळं आणली, खाऊन झाल्यावर साली आणि बिया घरच्या काट्यावर ठेवल्या. जवळजवळ निम्मं वजन ताटातच शिल्लक. डाळिंबाचंही फार वेगळं नाही. केळ्याची सालच एक तृतीयांशाच्या घरात जाते. शंभर रुपयांच्या सीताफळांतले पन्नास रुपये मी ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकत होतो, आणि सोसायटीने ओला कचरा जिरवण्याची सक्ती केल्यापासून ती बादली खाली नेण्याचं कामही माझ्याकडेच आहे. पपई, पेरू आणि द्राक्षं हीच खरी परवडणारी फळं. पेरूचं तर काहीच टाकावं लागत नाही. भाव विचारताना लोक किलोचा विचारतात. मी आता मनात गराचा भाव काढतो. मंडईतला नेहमीचा फळवाला मला बघून हसतो, हसू दे.

बरं, सोलून ७२० ग्रॅम धरलं तरी नियम लंगडाच. कलिंगड तेवढं खाल्लं तर साधारण सव्वादोनशे कॅलरी होतात. तेवढंच केळं खाल्लं तर साडेसहाशेच्या आसपास. काट्याला काय, दोन्ही सारखीच. वजनाला दहाने गुणून आहार निघाला असता तर आहारतज्ज्ञांना शिकायची गरज काय होती?

आता चांगलं. पहिल्या दोन महिन्यांत वजन चांगलंच उतरलं, पट्टा एक भोक मागे आला. सकाळी पोट साफ व्हायला लागलं, त्याचं सुख ज्याला आहे त्यालाच कळेल. दुपारी जेवणानंतर ऑफिसात जी झापड यायची ती गेली. सुरुवातीला गॅसने मात्र हैराण झालो. ग्रुपवर सांगितलं तर म्हणे "शरीर विषारी द्रव्यं बाहेर टाकतंय". कसली विषारी द्रव्यं! फळांतली साखर एकदम जास्त आली की थोडी आतड्यात न शोषता पुढे सरकते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. प्रमाण कमी केलं, सफरचंद थोडे दिवस बंद ठेवलं, चार दिवसांत शांत झालं.

तेव्हा जर हा अनुभव लिहिला असता तर मी फूड कॉम्बिनेशनला पाचपैकी पाच दिले असते. तसं ग्रुपवर लिहिलंही होतं, तो स्क्रीनशॉट त्यांच्या जाहिरातीत अजून फिरतोय.

मत बदललं ते दिवाळीत. फराळ, पाहुणे, सासुरवाडी, जोड्या पाळणं अशक्य. मी सकाळची फळं तेवढी चालू ठेवली आणि बाकी वरण-भात, वरून तूप, लिंबू, सगळं पूर्वीसारखं. फराळ मोजून खाल्ला. नंतरही जोड्यांचा नाद लावून घेतला नाही. वजन जागचं हललं नाही, झापडही परत आली नाही. मग ही म्हणाली, "अहो, तुमचं सकाळचं काय काय बंद झालं ते तरी बघा." यादी केली. शेव घातलेले पोहे, ऑफिसखालचा वडापाव, साखरेचे दोन चहा, त्याबरोबरची खारी. हे सगळं गेलं आणि त्याजागी पपई आली, तर वजन उतरायला भात आणि डाळीचं भांडण लावायची गरजच काय?

मग थोडं वाचलं. ही जोड्यांची भानगड मुळात अमेरिकेतली. विल्यम हॉवर्ड हे (Hay) नावाच्या डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी पिष्टमय आणि प्रथिनं वेगवेगळी खा असं सांगितलं. ‘दुपारपर्यंत फळंच’ हे घरोघरी पोचलं ते हार्वी आणि मॅरिलिन डायमंड या जोडप्याच्या १९८५च्या पुस्तकामुळे. आपल्याकडे त्यावर आयुर्वेदाचा शिक्का मारून विकतात. चरकसंहितेत विरुद्ध आहार आहे, नाही असं नाही. दूध आणि मासे, दूध आणि आंबट फळं ही उदाहरणं तिथे आहेत. पण त्याच संहितेत रोज खावं अशा पदार्थांची जी यादी आहे तिच्यात साळीचा भात आणि मूग शेजारी शेजारी बसलेत, सोबत सैंधव, आवळा, दूध, तूप आणि मध. वर्गात ती यादी कोणी दाखवली नाही.

आणि पोटाचं म्हणाल तर स्वादुपिंडातून जो रस येतो त्यात पिष्ट, प्रथिनं आणि चरबी पचवणारे घटक एकत्रच येतात. त्याला वेगवेगळ्या पाळ्या लावाव्या लागत नाहीत. तूरडाळच घ्या. तिच्यात साधारण २२ टक्के प्रथिनं आणि निम्म्याहून जास्त पिष्ट. म्हणजे नियम पाळायचा तर प्रत्येक दाणा सोलून दोन ढिगाऱ्यांत टाकायला हवा. आईच्या दुधात साखर, चरबी, प्रथिनं तिन्ही असतात, तान्ह्या बाळाला कोणी अर्ध्या तासाचं अंतर ठेवायला सांगत नाही. उलट प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांपैकी तांदळात लायसिन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी, एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. पोह्यांवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह जास्त अंगी लागतं. आपल्या आज्यांना ही रसायनं माहीत नव्हती, तरी जोड्या बरोबर लागल्या होत्या.

ज्यांना पुरावा हवा त्यांच्यासाठी: स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या डॉक्टरांनी ५४ लठ्ठ रुग्णांना सहा आठवडे रोज ११०० कॅलरीचा आहार दिला. काहींचं जेवण नेहमीसारखं मिश्र, काहींचं पिष्ट आणि चरबी अलग ठेवून. अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. अलग खाणाऱ्यांचं वजन सरासरी ६.२ किलो उतरलं, मिश्र खाणाऱ्यांचं ७.५. हा फरकही संख्याशास्त्राच्या हिशेबात धरण्याइतका नव्हता. कॅलरी सारख्या, वजन जवळपास सारखं, विषय संपला. आमची खिचडी निर्दोष सुटली.

फळांची बाजू मात्र भक्कम आहे, ती मी सोडणार नाही. फक्त ७२० ग्रॅमचा अट्टहास नको. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २००० कॅलरीच्या थाळीत फळं १०० ग्रॅम आहेत आणि भाज्या ४००. मी सध्या दोनेकशे ग्रॅमवर आहे, सोलून, हे वेगळं सांगायला नको. रस काढत नाही. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले होते. अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद खाणाऱ्यांना मधुमेहाचा धोका कमी दिसला, फळांचा रस पिणाऱ्यांना जास्त. शिवाय एका पेल्याला चार मोसंबी लागतात आणि चोथा पुन्हा त्या बादलीत, म्हणजे पैशाचं बघितलं तरी रस बाद.

ड्रॅगनफ्रूट, किवी वगैरे वर्गात फार चालायचं. किवीतल्या ‘क’ जीवनसत्त्वाचं कौतुक एकदा तासभर ऐकलं. आपल्या पेरूत १०० ग्रॅमला २०० मिलीग्रॅमच्या आसपास असतं आणि तो किवीच्या कितीतरी कमी पैशात येतो. पण पेरूवर कोण वर्ग चालवणार?

आंब्यांनी पुढचा धडा दिला. नियमात आंबा बसतो, फळच आहे, बारापर्यंत हवा तेवढा. पिकलेल्या आंब्यात साधारण १४ टक्के साखर असते. पेटी घरात असताना ‘हवा तेवढा’ म्हणजे किती ते मला विचारू नका. काटा वर सरकला. आता एक आंबा, जेवणासोबत, आणि रस असेल त्या दिवशी पोळ्या कमी.

एक गोष्ट गंभीरपणे. आमच्या आईची मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत, पोटॅशियम वाढू नये म्हणून डॉक्टरांनी केळं, मोसंबी, शहाळं यांवर बंदी घातली आहे. तेही सांगून वर्गात विचारलं तर उत्तर आलं, "फळांनी कोणाचं वाईट होत नाही." त्या दिवशी मी बाहेर पडलो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनीसुद्धा सकाळची फळंच-फळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. आणि ज्यांनी ग्रुपचं ऐकून दूध, दही, अंडी सगळं सोडलंय त्यांनी बी-१२ तपासून घ्या, ते फळांत नसतं.

सध्या कलिंगडं स्वस्त आहेत. सालीतला पांढरा भाग ही किसून थालीपिठात घालते, चांगलं लागतं. आता तो भाग माझ्या हिशेबात फळ धरायचा की साल, यावर आमच्याकडे वाद चालू आहे. माझं म्हणणं, पोटात गेला म्हणजे गराचा भाव लावायचा. तिचं म्हणणं, थालीपिठात गेला म्हणजे धान्य, आणि तुम्ही काटा आधी स्वयंपाकघरातून बाहेर काढा.