ईएलएम३२७ ब्लूटूथ स्कॅनर: दिवा का लागला हे सांगणारा, काय बदलावे हे न सांगणारा

चेक इंजिनचा दिवा लागल्यावर गॅरेजला जाण्याआधी निदान दोषाची दिशा घरीच कळावी, एवढ्या अपेक्षेने घेतलेला हा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेले दोषांचे कोड फोनवर दाखवणारे छोटे यंत्र, मी आमच्या पेट्रोल गाडीवर वापरतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसवून फोनवरील ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’ या ॲपशी जोडायचा असतो. आयफोन असल्यास वायफाय किंवा ब्लूटूथ एलईचा प्रकार मागवावा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या निकषांचा टप्पा) गाड्यांत सहसा अडचण येत नाही. जुन्या बीएस-३ गाडीत मात्र सॉकेट सापडले तरी संवाद होईलच असे नाही.

कोड वाचणे सोपे आहे, त्याचा अर्थ लावणे आपल्याकडे राहते. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणे), कॉइल (ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) बाद झाली असे नव्हे. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केल्यावर कोड पी०३०२ झाला, तर दोष कॉइलचा. तो पहिल्यावरच राहिला, तर स्पार्क प्लग आणि इंजेक्टर तपासावेत. पी०१७१ हा मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याचा कोड आल्यास फ्यूएल ट्रिमचे, म्हणजे संगणक इंधन किती टक्के वाढवतो वा घटवतो त्याचे, आकडे पाहावेत: एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत ते आयडलिंगला बरेच चढलेले असून रेस वाढवताच उतरत असतील, तर थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामध्ये कुठेतरी हवा शिरत असण्याची शक्यता मोठी, आणि उलट भार पडल्यावर चढत असतील, तर पंप किंवा फिल्टरकडे वळावे. माझ्या मते पैसे वसूल होतात ते या चालू आकड्यांमुळे.

विजेच्या दोषांत मात्र हे यंत्र तोकडे पडते. इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.५ असल्याचे ते दाखवते, पण उडालेला फ्यूज किंवा गंजलेले अर्थिंग त्याला सहसा दिसत नाही. तिथे साधा मल्टिमीटरच हवा: सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आला, तर अर्थिंगची केबल आणि तिचे जोड आधी घासून साफ करावेत. एबीएस आणि एअरबॅगचे कोडही सामान्य ॲपमधून बहुधा मिळत नाहीत.

बाजारातील बहुसंख्य यंत्रे मूळ ईएलएम३२७ चिपच्या नकला आहेत, आणि २.१ आवृत्तीचा शिक्का असलेल्यांत अनेकदा काही आज्ञा गाळलेल्या असतात. कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम (दोष नोंदला गेला त्या क्षणीच्या आकड्यांची नोंद) टिपून ठेवावी, कारण तीही पुसली जाते. सॉकेटच्या सोळाव्या पिनेला किल्ली बंद असतानाही वीज असते, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवावा.