ओव्हरहॉलला दिलेला ब्लॉक आणि परत आलेला ब्लॉक

जुनी गाडी घरी, सवडीने, एकेक भाग करत उभी करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. वडिलांची १९६९ ची फियाट ११०० डिलाइट मी पोर्चमध्ये पूर्ण सुटी केली आणि इंजिन ओव्हरहॉलला दिलं. परत आलं ते दुसऱ्याच गाडीचं. ब्लॉक (ज्यात सिलिंडर असतात तो इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) बदललेला, त्यावर आमच्या आरसी बुकातला नंबर नव्याने ठोकलेला आणि वरून रंगाचा जाड थर. हे उघडकीला आलं ते इंजिन घरी येऊन दीडेक वर्ष झाल्यावर, गाडी पुन्हा जोडायला घेतली तेव्हा.

सगळा डाव त्या दीड वर्षावर उभा होता. रोजच्या वापरातल्या गाडीचं इंजिन गॅरेजमधून निघालं की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर असतं. काम खोटं असेल तर आठवड्यात धूर दिसतो, पाणी उकळतं, आणि मालक दारात येऊन उभा राहतो. सावकाश चाललेल्या कामात तसं होत नाही. इंजिन येतं तेव्हा बॉडी डेंटिंगला गेलेली असते, फ्लोअरचा सडका पत्रा कापलेला असतो, वायरिंगला हात लागलेला नसतो. इंजिन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचं, एवढंच हातात असतं. त्या मिस्त्रीने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "साहेब, बॉडीचं काम कुठवर आलंय?" गाडी कधी सुरू होणार याचा अंदाज त्याला घ्यायचा होता.

आता त्याला आमचाच ब्लॉक का हवा होता ते सांगतो. डिलाइट आणि नंतरची प्रीमियर पद्मिनी या दोन्ही कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झाल्या, आणि दोन्हींचं इंजिन त्याच १०८९ सीसी घराण्यातलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी वर्षानुवर्षं याच गाड्या होत्या. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. लाखो किलोमीटर चाललेले, तीन-तीनदा बोअर झालेले (म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे केलेले), लायनर (सिलिंडरच्या आत ठोकलेली नळी) बसवलेले ब्लॉक भंगारात मिळतात. पण मूळ ६८ मिलिमीटर बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा), कधीच न कापलेला ब्लॉक आता दुर्मिळ आहे, कारण नवीन कुणी ओतत नाही. आमची गाडी वडिलांनी जपून वापरलेली, पुढे बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली. इंजिन एकदाही उघडलेलं नव्हतं. ते मी त्याला हौसेने सांगितलं होतं, आणि त्यानेही हेड उघडल्यावर बोअर पाहून "कंपनी फिटिंग आहे, साहेब" असं स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं.

ठरलेलं काम असं: वीस थाऊ (इंचाचे वीस हजारांश) रिबोअर, नवीन पिस्टन आणि रिंग, क्रँक ग्राइंडिंग, नवीन बेअरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह आणि गाइड. सगळं मिळून सत्तर हजारांच्या आसपास गेले. बिल साध्या कागदावर, पावती पुस्तकातलं. जुने पिस्टन मागितले तर "भंगारवाला कालच येऊन गेला" हे उत्तर. ब्लॉक मोकळा परत द्या, मी बघून घेतो म्हटलं तर म्हणाला, "मोकळा ठेवलात तर बोअरला गंज धरेल. मी हेड टाकून, टॉर्क करून, रंग मारून बंदच देतो. तुम्हाला कुठे उद्याच्या उद्या गाडी पळवायचीय?" त्याच्या बोलण्यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर खरीच वाटते. मोकळ्या बोअरला गंज धरतोच.

उलगडा झाला तो एका बोल्टमुळे. गाडी सोडताना मी प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी लावून ठेवले होते आणि सोडण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो काढले होते, कुठली वायर कुठे जाते हे विसरू नये म्हणून. जोडणीच्या वेळी डायनामोचं ब्रॅकेट बसवायला पिशवी उघडली, तर बोल्ट भोकात सैल. आटे धरतच नाहीत. टॉर्च लावून बघितलं तर समजलं, त्या भोकात कधीतरी मोठा टॅप मारलेला आहे. त्याच बोल्टने हे ब्रॅकेट पन्नास वर्षं घट्ट बसलेलं होतं.

आमच्या गल्लीत एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी इंजिनाला हातच लावला नाही. "नंबर कुठाय? रंग काढ," म्हणाले. थिनर लावून नंबरची जागा साफ केली. खाली ग्राइंडर फिरवल्याच्या आडव्या रेघा होत्या. आकडे एका ओळीत नव्हते, एक खोल तर एक उथळ, आणि शेवटचा आकडा किंचित कलंडलेला. मी माझे जुने फोटो काढले. वायरिंगसाठी घेतलेल्या एका फोटोत मूळ नंबर अगदी स्वच्छ आला होता. तोच नंबर, पण आकड्यांचं वळण वेगळं, अंतर वेगळं.

मग काकांनी रंग आणखी खरवडला. पाण्याच्या जॅकेटच्या बाजूला रंगाखाली एपॉक्सी पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली बोटभर लांबीची चीर. हेड उघडलं. चारही बोअरच्या काठाला बारीक गोल रेघ दिसत होती, म्हणजे चारही सिलिंडरना लायनर. लायनर हा वाईट उपाय नाही, नीट बसवला तर इंजिन उत्तम चालतं. पण आमच्या ब्लॉकला लायनर नव्हता. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन घासून काढलेला होता, तरी रिंगच्या खाचांत जुना शिल्लक होता, आणि डोक्यावर ओव्हरसाइजचा (मूळ मापाहून किती मोठा, त्याचा) शिक्का होता चाळीस थाऊचा. बिलात वीस. वीस थाऊ म्हणजे बोअर साधारण ६८.५१ मिलिमीटर यायला हवा. काकांनी बोअर गेज लावला तर ६९ च्या वर. वडिलांनी जपलेल्या इंजिनाच्या जागी कुणाच्या तरी थकलेल्या टॅक्सीचं इंजिन आमच्या पोर्चमध्ये होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि पैशाचा विचार त्यात सगळ्यात कमी होता.

मिस्त्री आधी म्हणाला ब्लॉक तुमचाच. फोटो दाखवल्यावर म्हणाला पोराने अदलाबदल केली असेल. नंतर फोन उचलणं बंद.

पैसे बुडाले याहून मोठा धोका नंबरचा आहे, आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मूळ नंबर घासून दुसरा ठोकलेला ब्लॉक तुमच्या गाडीत सापडला तर प्रश्न आधी तुम्हाला विचारले जातात. तो ब्लॉक चोरीच्या गाडीचा असू शकतो. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून केंद्राची वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. मी त्याच वाटेवर होतो. असा ब्लॉक घेऊन तपासणीला गेलो असतो तर काय झालं असतं हे सांगायला नको.

म्हणून पहिलं काम पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देण्याचं केलं. मूळ इंजिनाचे फोटो, आताच्या ब्लॉकचे फोटो, काकांनी घेतलेली मापं, पैसे यूपीआयने पाठवल्याच्या नोंदी, सगळं जोडलं. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, विश्वासाने दिलेली वस्तू बळकावली तर ३१६. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. मूळ ब्लॉकचा नंबर गेल्याची नोंद त्या तारखेपासून तुमच्या बाजूने राहते. दुसरी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात केली. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि काय करायचं कळत नसेल तर १९१५ या क्रमांकावर आधी विचारता येतं. पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आपल्या कामांचा वेग पाहिला तर दोन वर्षं म्हणजे काहीच नाहीत. कित्येकांची गाडी तोवर प्रायमरवरच उभी असते.

म्हणून बाहेर कामाला गेलेला कुठलाही भाग घरी येतो त्याच दिवशी, जणू तो आजच बसवायचा आहे अशा रीतीने तपासा. इंजिन मोकळं परत घ्या, मापं समोर काढून घ्या, मग तेल लावून घरी किंवा ओळखीच्या माणसाकडून बंद करा. रंग सगळ्यात शेवटी, तोही आपल्या हाताने. जुने पिस्टन, रिंग, बेअरिंग सगळं परत मागा. नाही म्हटलं तर काम तिथेच थांबवा. देताना इंजिन नंबर लिहिलेलं, सही-शिक्क्याचं जॉब चलन घ्या. आरटीओच्या कागदांवर चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेतात, तशीच इंजिन नंबरचीही घ्या आणि त्यावर तारीख टाका. ब्लॉक, क्रँक आणि बेअरिंग कॅपवर सहज दिसणार नाही अशा जागी पंचने एक ठिपका मारून त्याचा फोटो ठेवा. शेवटचा हप्ता इंजिन स्टँडवर तुमच्यासमोर सुरू झाल्यावरच द्या. चांगल्या कारागिराला यातलं काहीच खटकत नाही. आमच्या बंपरचं क्रोम करणाऱ्याने स्वतःहून आधी-नंतरचे फोटो पाठवले होते, आणि रेडिएटरवाल्याने जुनी कोअर न मागता हातात ठेवली होती.

ग्राहक आयोगातलं प्रकरण चालू आहे. आताचा ब्लॉक मी बसवलेला नाही. पुरावा म्हणून तो जसाच्या तसा, पुट्टीसकट, खोक्यात आहे. कागदपत्रांसह दुसरा ब्लॉक शोधतोय. तो मिळाला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलाची रीतसर नोंद करूनच गाडी उभी करणार आहे. व्हिंटेज नोंदणीचं पुढे काय होईल ते तेव्हा आरटीओत बघू.

एक विनंती आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी डिलाइट किंवा पद्मिनीसाठी "स्टँडर्ड बोअर, कधीच न उघडलेलं" असं सांगून विकलेलं इंजिन घेतलं असेल, तर नंबरच्या जागेवरचा रंग काढून पाहा आणि विकणाऱ्याकडे त्या नंबरच्या मूळ गाडीचं आरसी बुक मागा. ते दाखवता आलं नाही तर इंजिन गाडीत बसवण्याआधी पोलिसांना कळवा.