पडलेला शेअर आणि दांडिया बाजारातील दलालाचे कार्यालय

आयपीसीएल, जीएसएफसी किंवा अलेम्बिक अशा इथल्या मोठ्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या बडोद्याच्या मराठी माणसाच्या हाती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आली की तिचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो आणि उरलेला ओळखीच्या दलालाकडे. अशा अनेकांच्या डीमॅट खात्यांत सध्या औषधसंशोधन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर अडकून पडले आहेत, आणि मुद्दल सुटले की बाहेर पडू, एवढाच त्यांचा बेत आहे. शहराच्या दांडिया बाजार या भागातील दलालाच्या ज्या जुन्या कार्यालयाची सेवा मी येथे तपासत आहे, तेथे बसणाऱ्यांत निम्मी मंडळी याच बेताने येतात. तेजीत शेअर घेऊन देणारे पुष्कळ भेटतात. म्हणून पडलेला शेअर हाती असलेल्या ग्राहकाला तेथे कसे वागवले जाते, हीच कसोटी मी लावली आहे. काही तक्रारीही लिहायच्या असल्याने कार्यालयाचे नाव दिलेले नाही.

लोक या दुकानाला अजून सब-ब्रोकरच म्हणतात, जरी शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने ती श्रेणी ३१ मार्च २०१९ पर्यंत गुंडाळली आणि अशा दलालांना मोठ्या ब्रोकरचे अधिकृत प्रतिनिधी व्हावे लागले. सयाजीगंजातील वडोदरा स्टॉक एक्स्चेंजला २०१५ मध्ये सेबीने बाहेर पडण्याची परवानगी दिली, तेव्हा शहराचा स्वतःचा बाजार संपला. पण समोरासमोर बसून सौदा सांगण्याची सवय गेली नाही, आणि हे कार्यालय मुख्यतः त्याच सवयीवर चालते.

औषधसंशोधन करणाऱ्या, म्हणजे जैवतंत्रज्ञानाच्या शेअरचा विषय येथे इतका निघतो, याला स्थानिक कारण आहे. सन फार्मा अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्च कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली स्पार्क, २००७ मध्ये सन फार्मापासून वेगळी होऊन बाजारात नोंदली गेली आणि तिचे संशोधन पहिल्यापासून बडोद्याशी निगडित आहे. कुणाचा भाचा प्रयोगशाळेत असतो, कुणाच्या सोसायटीत तेथील शास्त्रज्ञ राहतात, त्यामुळे ही आपल्या गावची कंपनी आहे आणि तिच्याविषयी आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळते, असा अनेकांचा समज असतो. बाजाराने मात्र ओळखीपाळखीची पर्वा केली नाही. पार्किन्सनच्या सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांवर स्पार्कच्या व्होडोबॅटिनिब या औषधाची दुसऱ्या टप्प्याची चाचणी चालू होती. अंतरिम विश्लेषणात लाभ दिसत नसल्याने ती मार्च २०२४ मध्ये थांबवण्यात आली आणि भाव कोसळला. त्यानंतर जून २०२५ मध्ये सोरायसिस आणि अ‍ॅटोपिक डर्मटायटिस या त्वचाविकारांवरील व्हिबोझिलिमॉडच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत सोळाव्या आठवड्यात ७५ टक्के सुधारणेचा मुख्य निकष पूर्ण झाला नाही, आणि शेअर २० टक्क्यांच्या खालच्या सर्किटला, म्हणजे भाव एका दिवसात जास्तीत जास्त जितका पडू शकतो त्या मर्यादेला लागला. संशोधनात असे अपयश ही नित्याची बाब आहे. मानवी चाचण्यांत उतरलेल्या औषधांपैकी साधारण दहात एखादेच अखेर मंजुरीपर्यंत पोहोचते. परंतु निवृत्तीच्या पैशातून शेअर घेणाऱ्याला हे प्रमाण घेतेवेळी कोणी सांगितलेले नसते.

या कार्यालयाचे मोल मला येथेच जाणवले. कंपनीची मोठी बातमी आली की मालक वर्तमानपत्रातील मथळा बाजूला ठेवतात, एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरून कंपनीचे मूळ निवेदन काढतात, त्याची प्रत छापतात आणि पेन्सिलीने चार ठिकाणी खुणा करतात: चाचणी कोणत्या टप्प्यातील होती, मुख्य निकष पूर्ण झाला की नाही, औषधाचे हक्क कोणाकडे आहेत, आणि पुढे काय करणार याविषयी कंपनीने काही निश्चित म्हटले आहे का. पाचवी नोंद, हातातील रोकड आणि कर्ज, ते मागील तिमाहीच्या निकालातून स्वतः समासात लिहितात. ‘औषध सुरक्षित असल्याचे आढळले’ हे वाक्य अपयशी चाचणीच्या निवेदनातही बहुधा असते आणि अडकलेला भागधारक नेमके तेच धरून बसतो. मालक त्या वाक्यावर सरळ रेघ मारतात. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्यांना विचारले, “भाऊ, हा परत चारशेवर जाईल ना?” त्यावर “मावशी, आधी या कागदात काय लिहिलंय ते वाचू, भावाचं मग बोलू,” असे म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि इंग्रजी निवेदन ओळीओळीने मराठीत सांगितले. बाईंचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण आपण कशाची वाट पाहत आहोत, हे त्यांना त्या दिवशी बहुधा प्रथमच कळले.

वाट पाहण्याचेही प्रकार असतात, आणि मालक ते वेगळे करून दाखवतात. १९७८ मध्ये बंगळुरूला सुरू झालेल्या बायोकॉनलाही लोक जैवतंत्रज्ञानच म्हणतात, परंतु तिच्याजवळ इन्सुलिन आणि बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधांशी मिळत्याजुळत्या औषधांची चालू विक्री आहे. तिच्या बायोकॉन बायॉलॉजिक्स या कंपनीने २०२२ मध्ये व्हिआट्रिसचा बायोसिमिलर व्यवसाय तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतला, त्यामुळे त्या काळात शेअर धरून राहिलेल्यांचे लक्ष कर्ज किती फिटते आणि अमेरिकी औषध प्रशासनाची तपासणी कशी जाते याकडे होते. निव्वळ संशोधन करणाऱ्या कंपनीत विक्री नाममात्र असते, दर तिमाहीला तोटा ठरलेला असतो आणि पैसे संपत आले की हक्कभाग (जुन्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर) किंवा प्रवर्तकांचे वॉरंट (पुढे ठरल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) काढून नवे भांडवल आणावे लागते, ज्यामुळे जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. पहिल्या कंपनीत थांबणाऱ्याला दर तिमाहीला काहीतरी मोजता येते. दुसऱ्या कंपनीत थांबणारा एका चाचणीच्या निकालाची वाट पाहत असतो आणि तोपर्यंत मोजण्यासारखे काही हाती येत नाही. हा फरक मी बड्या ब्रोकरांच्या चकचकीत अहवालांतही इतक्या सरळ शब्दांत वाचलेला नाही.

बायोकॉनविषयीच आणखी एक गोष्ट. २००४ मध्ये ३१५ रुपयांना मिळालेल्या शेअरची आजच्या भावाशी थेट तुलना करून उसासे टाकणारे गृहस्थ मी त्याच बाकावर पाहिले. हिशेब सांभाळणाऱ्या ताईंनी त्यांना २०१७ चा एकास दोन आणि २०१९ चा एकास एक असे दोन बोनस, म्हणजे कंपनीने फुकट दिलेले शेअर, मांडून, केवळ त्या दोहोंनीच एका शेअरचे सहा कसे झाले हे वहीवर दाखवले. गृहस्थ नफ्यात होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हते.

‘अ‍ॅव्हरेज करा’, म्हणजे पडलेल्या भावाला आणखी घेऊन सरासरी खाली आणा, या सल्ल्याची मात्र येथे डाळ शिजत नाही, आणि याबद्दल मी मालकांना पूर्ण गुण देईन. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली एक उदाहरण मांडून ठेवलेले आहे. ४०० रुपयांना घेतलेले १०० शेअर १६० वर आले, तर मूळ भाव गाठण्यासाठी त्यांना १५० टक्के वाढावे लागेल. आणखी १०० शेअर १६० ला घेतल्यास सरासरी २८० होते आणि वाढ ७५ टक्के पुरते, हे खरे; परंतु गुंतलेली रक्कम ४०,००० वरून ५६,००० होते आणि तीही त्याच एका कंपनीत. ग्राहक बहुधा पहिली दोन वाक्ये वाचून खरेदीची चिठ्ठी मागतो; मालक तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवतात. ‘घ्या’ किंवा ‘विका’ असे ते म्हणत नाहीत, कारण शुल्क घेऊन सल्ला देण्यासाठी सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार स्वतंत्र नोंदणी लागते आणि ती त्यांच्याकडे नाही. हे कारण ते लपवत नाहीत, उलट भिंतीवर गुजराती आणि मराठीत लिहून लावले आहे. काहींना ही टाळाटाळ वाटते. टेलिग्रामवरील ‘तज्ज्ञां’कडून याच शेअरला रोज नवे लक्ष्य मिळवणाऱ्यांना ती विशेष वाटते.

सेवेचा यांत्रिक भाग एरवी कोणाच्या लक्षात येत नाही, पण पडझडीच्या दिवशी तोच महत्त्वाचा ठरतो. खालच्या सर्किटला लागलेल्या शेअरमध्ये विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारे जवळजवळ नसतात. एकाच भावाच्या ऑर्डरींत जी आधी नोंदली गेली तिचा सौदा आधी होतो, म्हणून अर्ध्या तासाच्या उशिरानेही माणूस रांगेत बराच मागे पडतो. ज्यांनी ‘डीडीपीआय’ हा, विकलेले शेअर खात्यातून काढण्याचा अधिकार ब्रोकरला देणारा अर्ज भरलेला नाही, त्यांना विक्रीपूर्वी डिपॉझिटरीचा (डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचा) टी-पिन आणि मोबाइलवरील ओटीपी देऊन शेअर मोकळे करावे लागतात. आमच्याकडील बहुतेक वृद्धांच्या खात्याला मुलाचा नंबर जोडलेला असतो, मुलगा पुण्यात किंवा टोरंटोत मीटिंगमध्ये असतो, आणि ओटीपीची मुदत संपते. या कार्यालयाने आपल्या सर्व ज्येष्ठ ग्राहकांना एकेक करून बोलावून मोबाइल क्रमांक बदलून घेतले, नामनिर्देशन भरून घेतले आणि डीडीपीआयमध्ये कशाकशाला संमती दिली जाते ते वाचून दाखवून ज्याला हवे त्याचीच सही घेतली. कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, ई-मेलने येते आणि पॅन क्रमांक टाकल्यावर उघडते. अक्षरे मोठ्या लिपीत टाकावी लागतात एवढ्या कारणावरून महिनोन्‌महिने नोट न उघडलेले लोक मी पाहिले आहेत. ताई ती त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच बोटांनी उघडून घेतात.

कराच्या बाबतीत ताईंचा हात धरणारे कोणी नाही. वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरवरील तोटा केवळ दीर्घकालीन नफ्यातूनच वजा करता येतो, एक वर्ष किंवा त्याहून कमी काळ ठेवलेल्यांवरील तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत भरलेले असले पाहिजे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर सव्वा लाखाच्या वर १२.५ टक्के आणि अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर लागू झाल्यापासून या वजावटीला महत्त्व आले आहे. ज्यांच्या खात्यात एकीकडे जुन्या बँकेच्या शेअरवर भरघोस नफा आणि दुसरीकडे औषधसंशोधनातील तोटा आहे, त्यांना ताई फेब्रुवारीतच दोन्ही आकडे एका कागदावर मांडून देतात. विकायचे की नाही हे त्या सांगत नाहीत. ‘आपला भाव’ येईपर्यंत थांबण्याला कराच्या रूपाने किती किंमत पडते, एवढे मात्र समोर येते.

आता उणिवा. दलाली महाग आहे. मोबाइल अ‍ॅपवाले डिलिव्हरीच्या (शेअर प्रत्यक्ष खात्यात घेण्याच्या) सौद्याला नाममात्र घेतात किंवा काहीच घेत नाहीत, येथे मात्र टक्केवारीने मोजावी लागते आणि घासाघीस केल्याशिवाय ती कमी होत नाही. बाजार चालू असताना टीव्हीवरील व्यापारी वाहिनीचा आवाज इतका असतो की मालकांचे विवेचन ऐकण्यासाठी पुढे वाकावे लागते. बाकावरचे जुने ग्राहक नव्या माणसाला आतल्या बातम्या पुरवतात, “डॉक्टरांशी बोलणं झालंय, पुढच्या महिन्यात मोठं काहीतरी येतंय” अशा स्वरूपाच्या, आणि मालक त्यांना गप्प बसवत नाहीत. जे समोरच्या कागदाविषयी इतके काटेकोर आहेत त्यांनी बाकाविषयीही थोडे असावे, असे मला वाटते. सर्वांत गंभीर तक्रार मालकांच्या चिरंजीवांविषयी आहे. वडील जेवायला गेले की ते ग्राहकांना उधारीवर शेअर घेण्याची सोय सुचवतात, म्हणजे ठरावीक रक्कम स्वतःची आणि उरलेली व्याजाने ब्रोकरची. चाचणीच्या निकालावर एका दिवसात पाचवा भाग गमावू शकणाऱ्या शेअरसाठी ही सोय निवृत्त माणसासमोर ठेवणे अनुचित आहे. वडिलांच्या कानावर मी हे घातले; त्यांनी मुलाला माझ्यासमोर विचारले, आणि ‘कंपनीचं टार्गेट असतं, काका’ असे उत्तर मिळाले. ही सोय अजून चालू आहे.

ज्यांना केवळ सौदे करायचे आहेत आणि फोन सफाईने वापरता येतो, त्यांनी येथे जाण्याचे प्रयोजन नाही. ज्यांच्याजवळ पडलेले शेअर आहेत आणि इंग्रजी निवेदने वाचण्याचा कंटाळा किंवा धास्ती आहे, त्यांनी सौदे दुसरीकडे करत असले तरी खाते येथे ठेवावे, असे माझे मत आहे. वार्षिक देखभाल शुल्क मान्य करण्याजोगे आहे. बाजार साडेतीनला बंद झाल्यानंतर जावे, कारण टीव्ही तेव्हा बंद होतो आणि मालकांना सवड असते. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर आधी फोन करावा, ताई अर्ज घेऊन खाली येतात. सही मात्र पूर्ण अर्ज वाचल्याशिवाय करू नये, आणि उधारीच्या सोयीच्या रकान्यात खूण आधीच केलेली नाही ना, हे पाहून घ्यावे.