वाऱ्यातला वाटा: मिडेलग्रुंडेनचं सभासदत्व की बाजारातला शेअर?

कोपनहेगनमध्ये जरा स्थिरावलेली मराठी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. समुद्रातल्या पवनचक्क्यांत थोडे पैसे घालायचे, तर बाजारात नोंदलेल्या ऑर्स्टेडसारख्या मोठ्या डॅनिश कंपनीचे शेअर घ्यावेत, की मिडेलग्रुंडेन या कोपनहेगनसमोरच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या सहकारी संस्थेचा वाटा? मी दोन्ही घेऊन पाहिलं. आता एकच ठेवलं आहे.

सोयीच्या बाबतीत शेअरला तोड नाही. मोबाइलवर दोन मिनिटांत घ्या, नको झाला की तितक्याच वेळात विका. संस्थेचा वाटा मात्र सोडणारा सभासद शोधून घ्यावा लागतो. मला माझे पाच वाटे मिळायला दोन महिने लागले. पुढे विकायचे झाले तर पुन्हा तीच शोधाशोध. वर्षा-दोन वर्षांत घरासाठी पैसे लागणार असतील, तर शेअरच घ्या.

मला शेअर सोडायला लावलं ते एका संध्याकाळने. १ नोव्हेंबर २०२३. ऑर्स्टेडने अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे दोन प्रकल्प सोडून दिल्याची बातमी आली आणि एका दिवसात भाव पाव भागाने उतरला. माझी रक्कम लहान होती, त्यामुळे नुकसान सोसण्यासारखं होतं. पण त्या संध्याकाळी मी अमागरच्या किनाऱ्यावर मुलीला घेऊन गेलो होतो. समोर मिडेलग्रुंडेनच्या वीस चक्क्या एका कमानीत मजेत फिरत होत्या, आणि मी मान खाली घालून मोबाइलवरचा लाल आकडा बघत होतो. मुलीने विचारलं, "बाबा, यातली आपली कुठली?" शेअरच्या हिशेबाने उत्तर होतं, एकही नाही. वाऱ्यावर विश्वास ठेवून पैसे घातले आणि जीव टांगला कुठे, तर मी कधी न पाहिलेल्या किनाऱ्यावर. हे मला फार खुपलं. शिवाय त्या कंपनीत निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा सरकारचा, तिथे माझ्या मताला काय किंमत!

मिडेलग्रुंडेनमध्ये मुलीच्या प्रश्नाला उत्तर आहे. कमानीतल्या दक्षिणेकडच्या दहा चक्क्या संस्थेच्या, उत्तरेकडच्या दहा शहराच्या वीज कंपनीने उभारलेल्या. प्रत्येक चक्की दोन मेगावॉटची, बंदरापासून साडेतीन किलोमीटरवर. २००० साली त्या उभ्या राहिल्या तेव्हा ४०,५०० वाटे विकले गेले आणि साडेआठ हजारांच्या आसपास लोक सभासद झाले. एक वाटा म्हणजे वर्षाला १,००० युनिट वीज, तेव्हाची किंमत ४,२५० क्रोनर. वाटे कितीही असोत, मत एकच. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. माझे वडील साखर कारखान्याचे सभासद होते. सर्वसाधारण सभेला जाताना ते इस्त्रीचा शर्ट घालत, तो रुबाब मला आता कळतो.

लोकांचं ऐकलं गेलं, हेही इथे डोळ्यांना दिसतं. मूळ आराखडा तीन रांगांत २७ चक्क्यांचा होता. जनसुनावणीत लोकांनी हरकत घेतली, म्हणून आजची ही एकच देखणी कमान झाली. तो उथळ भाग पूर्वी बंदरातला गाळ टाकायची जागा, त्यामुळे खोदकामाने गाळातलं विष पसरेल ही धास्तीही होती. तिचाही विचार झाला आणि मगच काम पुढे गेलं. मला वाटतं, किनाऱ्यावरच्या माणसांचा फायदा म्हणतात तो इथून सुरू होतो. आपल्याकडे गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात मिळून १,००० मेगावॉटसाठी केंद्राने २०२४ मध्ये मदत मंजूर केली. तिथल्या मच्छीमारांना नुसती भरपाई न देता असा वाटा द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

वाट्याच्याही अडचणी आहेत, त्या लपवत नाही. सभा डॅनिशमध्ये चालते. पहिल्या वर्षी मला निम्मंच कळलं. ही भागीदारी संस्था आहे, मर्यादित जबाबदारीची कंपनी नव्हे, म्हणजे संस्थेचं देणं सभासदांच्या अंगावर येऊ शकतं, तेव्हा नियमावली नीट वाचा. संस्थेने कर्ज काढायचं नाही हे कलम पाहून माझा जीव भांड्यात पडला. यंत्रं आता पंचवीस वर्षांची झाली आहेत, म्हणून परवाना आणि दुरुस्तीचं पुढचं नियोजन विचारल्याशिवाय सही करू नका. विजेचा भाव पडला की वाटणीही घटते. निव्वळ परताव्याची खात्री हवी असणाऱ्याला मी आग्रह करणार नाही.

तरी सही करण्याआधी सभासदांसाठी चक्की उघडतात त्या दिवशी एखाद्या ओळखीच्या सभासदाबरोबर जाऊन या. मी गेलो तेव्हा कमरेला पट्टा बांधून आतल्या शिडीने वर चढलो. उंची चौसष्ट मीटर. अर्ध्यावर पोटऱ्या भरून आल्या, हाताला ग्रीस लागलं. वर झाकण उघडलं तेव्हा एका बाजूला अख्खं कोपनहेगन होतं, दुसऱ्या बाजूला स्वीडन. खाली आल्यावर मुलीला दक्षिण टोकाच्या दहा चक्क्या बोटाने मोजून दाखवल्या. तिने त्यातली तिसरी आपली म्हणून ठरवून टाकली आहे.