घरचा कॉम्प्युटर बिघडला: स्वतः उघडावा की दुकानात न्यावा?

कोल्हापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही, अशी अडचण नाही. राजारामपुरी, शाहूपुरी, स्टेशन रोड, कुठंही गेलं तरी दुकान सापडतं. फोन केला तर घरी येऊन बघणारेही आहेत. मग स्वतः शिकायचा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझं मत आधीच सांगतो. सगळी दुरुस्ती शिकायची गरज नाही, पण बिघाड कशात आहे हे ओळखायला घरातल्या एकाला तरी यायलाच हवं. "जरा बघा, चालत नाही" एवढंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम वेगळं होतं आणि "डिस्क शंभर टक्क्यांवर अडकतीय" म्हणणाऱ्याचं वेगळं.

गारगोटी किंवा गगनबावड्याकडं राहत असाल तर शिकण्याचं पारडं आणखी जड होतं. सीपीयू पोत्यात गुंडाळून शहरात आणायचा, ठेवून जायचा, न्यायला परत यायचं. एका सैल रॅमपायी, म्हणजे चालू कामाची माहिती धरणाऱ्या छोट्या पट्टीपायी, एवढी पायपीट कुणालाच नको असते.

कॉम्प्युटर संथ झालाय

सगळ्यात जास्त तक्रार हीच असते. दुकानातलं उत्तर बहुतेकदा ठरलेलं: फॉरमॅट मारून (डिस्क पुसून) नवीन विंडोज टाकू. कधीकधी तेच बरोबर असतं. पण त्याआधी घरी पाच मिनिटं द्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू (इथं अख्खा डबा नव्हे, आतला प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क असे रकाने दिसतात. काही उघडलेलं नसताना डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर राहत असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर पहिला संशय तिच्यावर घ्या. ब्राउझरचे चार टॅब उघडताच मेमरी भरत असेल तर रॅम कमी पडतीय. एखादा अनोळखी प्रोग्राम एकटाच सीपीयू खात असेल, तर आधी त्याचं नाव शोधून बघा. कॉम्प्युटर सुरू होताना कोणते प्रोग्राम आपोआप उघडतात, त्याची यादीही तिथंच मिळते. नको ते तिथूनच बंद करता येतात.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे. माहिती वाचायला डोकं जागा बदलत राहतं आणि वेळ तिथंच जातो. एसएसडी ही चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं. म्हणून जुनी डिस्क तशीच ठेवून नुसता फॉरमॅट मारला तर चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. एसएसडी टाकली तर तोच जुना कॉम्प्युटर आणखी काही वर्षं काम देतो.

मात्र ती बसवणं पहिल्यांदा दुकानातच करून घ्या, असं मी सांगेन. लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा प्रकारची एसएसडी लागते की पट्टीसारखी एम डॉट टू, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीनवर उतरवायचं, म्हणजे क्लोन करायचं, साधनही त्यांच्याकडं तयार असतं. तुम्ही फक्त म्हणा, "फॉरमॅट नको, एसएसडी टाकून क्लोन करून द्या." एवढं म्हणता येणं हीच शिकण्याची कमाई. फॉरमॅटच करायचा ठरला तर लक्षात ठेवा, नुसता सी ड्राइव्ह फॉरमॅट केला तर डी ड्राइव्हमधलं राहतं, पण डेस्कटॉपवरचं जातं, कारण डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो. लग्नाचे फोटो आणि पोरांच्या मार्कलिस्ट नेमक्या डेस्कटॉपवर असतात.

पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही

इथं मात्र स्वतः करणं सरस, निदान डेस्कटॉपच्या बाबतीत. सीपीयू सुरू होतो, पंखा फिरतो, कधी बीप वाजतो आणि स्क्रीन काळाच. आधी मॉनिटरची केबल बघा. ती ठीक असेल तर बऱ्याचदा रॅमचा संपर्क नीट होत नसतो. आपल्याकडं पावसाळ्यातली दमट हवा आणि एरवीची धूळ, दोन्हींनी सोनेरी टोकांवर थर बसतो.

प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. बाजूचं झाकण काढा आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिथं उतरते. रॅमच्या टोकाची क्लिप बाहेर ढकलली की पट्टी वर येते. तिला कडेनं धरा, सोनेरी टोकांवर पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, चुरा कोरड्या ब्रशनं झटका. परत लावताना पट्टीतली खाच आणि स्लॉटमधली खूण जुळवा आणि क्लिप टक्कन बसेपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, कुठली खराब आहे ते कळेल.

तारीख-वेळ रोज मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य बोर्डावरचा) नाण्याएवढा सेल बदला. बहुतेक ठिकाणी तो सीआर २०३२, तीन व्होल्टचा असतो आणि किंमत किरकोळ. त्यासाठी घरी माणूस बोलावला तर सेलपेक्षा त्याच्या येण्याचेच जास्त पैसे पडतात.

जिथं हात लावायचा नाही

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा, उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतकी वीज राहू शकते. लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर लगेच वापर थांबवा. ती दाबू नका, टोचू नका, पेट घेऊ शकते. हार्ड डिस्क कटकट वाजत असेल आणि आतला डेटा मोलाचा असेल तर ती पुन्हापुन्हा सुरू करून बघू नका. ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

आणि पुराचं पाणी. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरची किती यंत्रं बुडाली! भिजलेला कॉम्प्युटर "चालतोय का बघू" म्हणून कधीही सुरू करू नका. पाण्यापेक्षा ओल्या बोर्डात गेलेली वीज जास्त नुकसान करते.

शिकायचं कुठं

एमएस-सीआयटी कॉम्प्युटर वापरायला शिकवतं, दुरुस्त करायला नाही. हार्डवेअरचे खाजगी क्लास ज्याला हाच धंदा करायचाय त्याच्यासाठी ठीक, घरच्या एका मशीनसाठी महागात पडतात. स्क्रीनवर आलेला एररचा मजकूर जसाच्या तसा मोबाइलवर शोधा आणि व्हिडिओ बघताना आपल्याच मॉडेलचा निवडा. सुरुवातीला एवढं पुरे.

पण इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तो कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या. शोधात वर दिसणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात. ते एनीडेस्क (दुसऱ्याचं मशीन लांबून चालवायचं अॅप) टाकायला सांगतात आणि बँक खातं रिकामं करतात. असं काही झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. याबाबतीत ओळखीचं दुकान कितीतरी पटीनं सुरक्षित.

"हा जुना झाला, नवीन घ्या"

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं हा सल्ला दुकानात आता सर्रास ऐकू येतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. तुमचा बसतो का, हे पीसी हेल्थ चेक हा मायक्रोसॉफ्टचा फुकट प्रोग्राम घरीच सांगतो. बसत नसेल आणि काम ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ एवढंच असेल, तर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट फुकट आहे. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघा, नंतर ठरवा. टॅली किंवा ठरावीक विंडोजचंच सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र नवीन मशीनचा विचार करावाच लागेल.

दुकानातच द्यायचा ठरला तर

आधी बॅकअप घ्या. रॅम किती आहे आणि डिस्क कुठल्या कंपनीची, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असते. बोर्डाचं काम निघालं तर बिटलॉकरची की (त्या कुलपाचा लांबलचक आकडा) मागितली जाते आणि ती नसेल तर डेटा कायमचा अडकतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, आधीच उतरवून ठेवा. खर्च विचारल्याशिवाय उघडायला देऊ नका आणि बदललेला पार्ट परत मागा. हार्ड डिस्क बदलली असेल तर जुनी न विसरता घेऊन या, तुमच्या आधार-पॅनच्या प्रती अजून तिच्यातच आहेत.