‘रॉटन’ की ‘रॉटेड’?

टोपलीच्या तळाशी, देठाजवळ काळे पडलेले आणि बोट टेकताच आत दबणारे सफरचंद सापडले, तर त्याला इंग्रजीत ‘रॉटन’ म्हणावे की ‘रॉटेड’, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ‘रॉटेड’ हे ‘रॉट’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप आणि धातुसाधितही आहे. म्हणून ‘द ॲपल हॅज रॉटेड’ हे वाक्य शुद्ध ठरते. ‘हॅज रॉटन’ मात्र आजच्या इंग्रजीत चूक मानतात, जरी ‘रिटन’, ‘ईटन’ यांच्या चालीवर ते सहज तोंडी येत असले तरी. ‘रॉटन’ हे विशेषण असून ते जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या भाषेतून आले, तर ‘रॉट’ जुन्या इंग्रजीतले. म्हणजे दिसायला मायलेकरे, प्रत्यक्षात चुलत भावंडे.

मराठीतली ‘सडका’ आणि ‘सडलेला’ ही जोडी इथे फार उपयोगी पडते. ‘सडलेला’ घडून गेलेली क्रिया सांगतो, ‘सडका’ गुण चिकटवतो, आणि म्हणूनच तो माणसाच्या डोक्यालाही लावता येतो. ‘रॉटन’ तसाच आहे: ‘रॉटन लक’ म्हणजे फुटके नशीब, ‘आय फील रॉटन’ म्हणजे मला अगदी कसेसेच होत आहे. तिथे ‘रॉटेड’ चालत नाही. उलट बागेत घालायच्या, पूर्ण कुजलेल्या शेणखताला ‘वेल-रॉटेड’ म्हणतात, कारण कुजण्याची क्रिया पुरी झाली हीच त्याची प्रशंसा असते. नासलेल्या दुधाला, अर्थात, यांपैकी काहीच शोभत नाही. त्याला ‘साउअर’, म्हणजे आंबट, म्हणावे.