अधिकारी कोठडीत गेले, ठेवी 2032 ला

24 सप्टेंबर 2019 च्या सकाळी पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या ठेवीदारांच्या मोबाईलवर मेसेज आला: रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागलेत, सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढता येतील. पगाराचं खातं असो की निवृत्तीच्या पैशाची ठेव, सगळ्यांना तेवढेच. दोनच दिवसांत 10,000, मग 25,000, 40,000, 50,000. लाखावर यायला जून 2020 उजाडला.

"जास्त व्याजाची हाव नडली" असं वर ऐकावं लागतं ते वेगळंच. ही काय दामदुप्पट योजना होती? रिझर्व्ह बँकेचा परवाना, 137 शाखा, ताळेबंदात निव्वळ एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, 2.19 टक्के. ठेवीदाराने आणखी काय तपासायचं?

तरी एक गोष्ट झोंबतेच. 20 ऑगस्ट 2019 ला बँकेची कर्जदार असलेली बांधकाम कंपनी एचडीआयएल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँकेचा अध्यक्ष पूर्वी त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर होता. यातलं काहीच गुपित नव्हतं. निर्बंध लागायला 34 दिवस होते, शाखा उघड्या होत्या, आणि मुदत संपलेल्या ठेवी लोक तिथेच पुढे चालू ठेवत होते. अध्यक्ष आणि सगळ्यात मोठा कर्जदार यांचं नातं निघालं की व्याजाच्या दंडाकडे बघू नका, ठेव मोडा.

आत काय होतं? सुमारे 8,880 कोटींच्या कर्जातले 6,500 कोटींच्या वर एकाच, एचडीआयएलच्या गटाकडे, म्हणजे जवळपास 73 टक्के. 44 खाती थकलेली, पण एनपीए दाखवली नाहीत. तपासणीसाठी जी यादी दिली तीत त्यांच्या जागी 21,049 बोगस खाती घातली, रकमा लहान, म्हणजे कुणी एकेक उघडून बघणार नाही. ही खाती बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत नव्हतीच. यादी प्रणालीशी एकदा ताडून पाहिली असती तरी सगळं बाहेर आलं असतं. ऑडिटर वेळेअभावी फक्त नव्याने वाढलेली कर्जं बघायचे, हे बँकेच्या एमडीच्याच (व्यवस्थापकीय संचालकाच्या) पत्रातलं.

बांधकाम धंद्यात मंदी आली, त्याला अधिकाऱ्यांनी काय करावं, असं म्हणणारे आहेत. कर्ज बुडणं गुन्हा नाही, मान्य. बुडालेलं लपवून त्यावर नव्या ठेवी घेणं हा गुन्हाच आहे, आणि त्याची शिक्षा व्हायलाच हवी. अध्यक्ष, एमडी, बिल्डर काही आठवड्यांत आत गेले. पण अटकेने ठेवीदाराच्या हातात दमडी पडत नाही. जप्त मालमत्तेवर इतर बँका आणि घराचे पैसे भरलेले लोकही हक्क सांगतात. मंजुरीच्या कागदावर ज्याची सही, त्याच्या घरादारातून वसुली झाली तर पुढचा सही करताना थबकेल.

आणि ज्यांनी तपासायचं होतं ते? रिझर्व्ह बँक म्हणणार संचालक मंडळ सहकार निबंधकाच्या हाती, निबंधक म्हणणार बँकिंग रिझर्व्ह बँकेचं. हे दुहेरी नियंत्रण वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. कायदा बदलला 2020 मध्ये, पैसे अडकल्यावर. ठेवींवरच्या विम्याची मर्यादा 1993 पासून एक लाख, ती पाच लाख झाली 4 फेब्रुवारी 2020 ला. तोही विमा बँक अवसायनात निघेपर्यंत, म्हणजे कायमची बंद होईपर्यंत, मिळत नसे, नुसते निर्बंध असले तर शून्य. 90 दिवसांत पैसे देण्याची तरतूद आली सप्टेंबर 2021 मध्ये. दोन वर्षं औषधपाण्याचे पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर एकाही खिडकीवर मिळालं नाही.

25 जानेवारी 2022 ला बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. 30 लाखांच्या वैयक्तिक ठेवीचा हिशेब करा. विम्याचे 5 लाख. मग पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने 50 हजार, 50 हजार, 1 लाख, अडीच लाख आणि साडेपाच लाख. उरलेले 15 लाख दहा वर्षांनी. 31 मार्च 2021 नंतर विलीनीकरणाला पाच वर्षं होईपर्यंत व्याज शून्य, पुढे 2.75 टक्के.

विम्याच्या पाच लाखांत व्याजही धरतात आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा असते, म्हणून मुद्दल साडेचार लाखांच्या आत ठेवा. पतसंस्थेला हा विमा नाहीच, काउंटरवरच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो.